यांच्या गावाला म्हावरं कंचं?

मे महिन्यातला रविवार, राणीची बाग आणि पेंग्विनच्या दालनापुढची रांग. बाहेर भायखळ्याचा उकाडा अंगाला चिकटलेला, आणि आत शिरल्यावर निळसर अंधार नि समोर भलीमोठी काच. भाचीला कडेवर घेऊन मी गर्दीबरोबर सरकत होते. आजूबाजूला एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येत होतं : ‘बिचारे! कुठे तो बर्फ आणि कुठे ही मुंबई!’ माझ्या शेजारी एक कोळी मावशी होत्या. चापूनचोपून नेसलेलं लुगडं, केसांत अबोली, हातात नातवाचं बोट. त्यांनी मोबाइल काढला नाही की हळहळही केली नाही. खडकावरून एका पेंग्विनने पाण्यात सूर मारला, पंख मारत तो तळापर्यंत गेला, वळला, वर आला. मावशींची नजर त्याच्याबरोबर खाली गेली आणि वर आली. ‘पानकावल्यासारखा बुडतंय,’ त्या नातवाला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘यांच्या गावाला म्हावरं कंचं गो बाय?’ मी म्हटलं, ‘माहीत नाही मावशी.’ रांग पुढे सरकली, आणि त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या.

प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

सगळी गर्दी त्या पक्ष्याला बर्फातून हरवलेलं मूल समजून कळवळत होती. या बाईंना तो दर्यावर पोट भरणारा एक जीव दिसला. त्यांनी पाहिलं ते त्याचं बुडणं, आणि विचारलं ते त्याचं जेवण. त्यांच्या विचारण्यात एक बरोबरीचा मान होता. दर्यावरचा माणूस दुसऱ्या बंदरातल्या माणसाला भेटला की विचारतो तसा. लाखो लोक त्या काचेपुढून गेले असतील, मीही कितीदा गेले असेन. पण तो पक्षी खातो काय, त्याच्या घराभोवती काय आहे, वारा कुठून येतो, हे विचारावंसं मलाही तोवर वाटलं नव्हतं.

आमच्या प्राथमिक शाळेत प्राण्यांचा एक तक्ता होता. वर-खाली लाकडी पट्ट्या, कोपरे कुरतडलेले. त्यात प्रत्येक प्राण्याला एकेक जागा नेमून दिलेली : वाघ गवतात, उंट वाळूत, अस्वल झाडाखाली, पेंग्विन बर्फावर. माझ्या मनात तो तक्ता पक्का चिकटला होता. पुढे कितीही वाचलं, पाहिलं, तरी पेंग्विन म्हटलं की खालचा पांढरा रंग आपोआप यायचा. खरं तर पेंग्विनच्या साधारण अठरा जाती मानतात, आणि त्यांतल्या एम्परर आणि अडेली या दोघांचंच सगळं आयुष्य त्या गोठलेल्या समुद्राशी बांधलेलं आहे. बाकीच्यांत कोणी न्यूझीलंडच्या झाडीत घरटी करतो, कोणी दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या वाळूवर माणसांच्या बंगल्यांना खेटून राहतो, आणि गालापागोसचा पेंग्विन तर चक्क विषुववृत्तावर. भायखळ्याला आहेत ते हम्बोल्ट पेंग्विन. त्यांचा देश म्हणजे पेरू आणि चिलेचा किनारा. त्या किनाऱ्याला लागून, ध्रुवप्रदेश सोडले तर जगातलं सगळ्यात कोरडं वाळवंट पसरलेलं आहे.

मी नकाशा उघडला तेव्हा एक आकडा पाहून थबकलेच. मुंबई विषुववृत्तापासून १९ अंशांवर आहे. लिमा फक्त १२ अंशांवर. या पेंग्विनची वस्ती तर त्याहून उत्तरेला, ५ अंशांपर्यंत जाते. म्हणजे ज्यांना आपण उकाड्यात आणून ठेवलं म्हणून हळहळतो, त्यांच्या मूळ मुलखातला पेरूचा सगळा किनारा आपल्यापेक्षा विषुववृत्ताच्या जवळ आहे. त्यांच्या डोक्यावरचा सूर्य आपल्याइतकाच कडक. चिलेतल्या अरिका शहरात वर्षाला सरासरी एक मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आमच्या घराच्या पत्र्यावर जूनच्या पहिल्या अर्ध्या तासात पडतो तेवढा पाऊस तिथल्या माणसाला वर्षानुवर्षं दिसत नसेल. समुद्राच्या काठावर उभं राहून मागे वळावं तर करडे-तांबूस डोंगर, त्यांवर गवताचं पातंही नाही. हवेत मात्र ओल. हिवाळाभर धुकं समुद्रावरून वर चढतं आणि दिवसचे दिवस हलत नाही. चिलेत त्याला कामांचाका म्हणतात, लिमाकडे गारुआ. पाऊस नाही आणि ऊनही नाही, असे महिनेच्या महिने. मी तिथे गेलेले नाही. पण त्या धुक्याची छायाचित्रं पाहताना माझ्या कातडीला ते चिकट गारपण जाणवतं, कारण किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला खारी ओल सांगावी लागत नाही.

या सगळ्याचं मूळ पाण्यात आहे. दक्षिणेकडून थंड पाण्याचा एक प्रवाह दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम काठाने उत्तरेकडे वाहतो. शिवाय किनाऱ्याला समांतर वाहणारे वारे वरचं पाणी आत समुद्राकडे लोटतात आणि त्याची जागा भरायला खोलातलं गार पाणी वर येतं. ते येताना तळाशी साचलेलं खत बरोबर आणतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांवर इवले जीव, आणि त्यांवर मासे. याच गार पाण्यामुळे वरची हवा थंड राहते, ढग उंच चढत नाहीत, आणि म्हणून पाऊस पडत नाही. जमीन उपाशी आणि समुद्र तुडुंब, दोन्हीचं कारण एकच. १८०२ साली अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ पेरूच्या किनाऱ्यावर पोचला, त्याने समुद्रात तापमापक बुडवला आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी थंड आहे याची नोंद केली. पुढे लोक त्या प्रवाहाला त्याचं नाव देऊ लागले. ते त्याला रुचलं नाही. एका पत्रात त्याने कळवलं की हा प्रवाह चिलेपासून पेरूतल्या पाइतापर्यंतच्या कोळ्यांच्या पोरांनाही माझ्या आधी तीनशे वर्षं माहीत आहे. मी फक्त त्याचं तापमान पहिल्यांदा मोजलं. हे वाचलं तेव्हा मला भायखळ्याच्या त्या मावशी आठवल्या, आणि हम्बोल्टबद्दल आपुलकी वाटली. एवढ्या मोठ्या माणसाने समुद्र ओळखण्याचा मान ज्यांचा होता त्यांना परत केला. नकाशांनी काही त्याचं ऐकलं नाही, प्रवाहाला नाव त्याचंच राहिलं. पक्ष्यालाही.

आता त्या पक्ष्याकडे पुन्हा पाहिलं की त्याचं अंग वाचता येतं. पाऊण मीटरच्या आत उंची, चार-पाच किलो वजन. छातीवर काळ्या नालासारखा एक पट्टा, आणि पांढऱ्या पोटावर विखुरलेले काळे ठिपके. हे ठिपके प्रत्येकाचे निराळे असतात. अभ्यासक त्यांवरून एकेकाला ओळखतात. चोचीच्या मुळाशी गुलाबी, उघडी कातडी दिसते, तिच्याकडे मी पूर्वी नीट बघितलंही नव्हतं. थंड पाण्यासाठी दाट पिसांचा जाड कोट घालून वाळवंटात उभं राहायचं तर अंगातली उष्णता बाहेर टाकायला खिडकी हवी. ती ही कातडी. ऊन तापलं की रक्त तिथे धावतं आणि ती लालसर होते. डोळ्यांच्या वर मीठ गाळणाऱ्या ग्रंथी आहेत. समुद्राचं पाणी पोटात गेलं की जादा मीठ खाऱ्या थेंबांतून बाहेर पडतं. अंडी दोन, आणि आई-बाप दोघंही पाळीपाळीने साधारण चाळीस दिवस ती उबवतात. वर्षातून एकदा सगळी पिसं एकदम गळतात. नवी येईपर्यंत त्याला पाण्यात उतरता येत नाही. दोन-तीन आठवडे तो खडकावर उपाशी उभा असतो, साठवलेल्या चरबीवर. म्हणून त्याआधी त्याला पोटभर, खरं तर पोटापेक्षा जास्त खायला मिळावं लागतं. त्या महिन्यात मासळी दूर गेली तर पुढचं सगळंच बिघडतं.

काचेतून त्याचा आवाज येत नाही, वासही नाही. आणि त्याचं खरं घर म्हणजे हेच दोन. हम्बोल्ट पेंग्विन गाढवासारखा ओरडतो, मान वर करून, पंख पसरून, धापा टाकल्यासारखा. आणि वास येतो तो ग्वानोचा.

ग्वानो म्हणजे समुद्रपक्ष्यांची विष्ठा, हजारो वर्षांची. ग्वानाय पाणकावळे, बूबी आणि पेलिकन अशा कोट्यवधी पक्ष्यांनी या बेटांवर ती टाकली, आणि धुवून न्यायला पाऊसच नसल्याने ती थरावर थर साचत गेली. पिस्को गावासमोरच्या चिंचा बेटांवर काही ठिकाणी हे थर ३० मीटरहून उंच होते. पेंग्विन त्यात बीळ खोदायचा. आत सावली, गारवा, वरून झडप घालणाऱ्या पक्ष्यांपासून आडोसा. तिथल्या जुन्या माणसांना या खताची किंमत ठाऊक होती. डोंगरातल्या मक्याच्या शेतांत ते जायचं. आई इंका आणि वडील स्पॅनिश असलेल्या गार्सिलासो दे ला वेगाने १६०९ साली लिहून ठेवलंय की इंकांच्या राज्यात विणीच्या हंगामात बेटांवर पाऊल ठेवणाऱ्याला मृत्युदंड होता, आणि पक्षी मारणाऱ्याला कुठल्याही ऋतूत. मग एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या थकलेल्या जमिनींना हे खत हवं झालं आणि १८४० नंतर जहाजांच्या रांगा लागल्या. १८५६ साली अमेरिकेने कायदाच केला की आपल्या नागरिकाला ग्वानोचं निर्जन बेट सापडलं तर त्यावर हक्क सांगता येईल. १८६४ साली स्पेनने चिंचा बेटं बळकावली आणि त्यावरून युद्ध झालं. चीनमधून करारावर आणलेले हजारो मजूर त्या धुळीत खपत होते, जळते डोळे आणि फाटलेली फुप्फुसं घेऊन. त्यांच्याबद्दल वाचताना घसा कोरडा पडतो. पक्ष्यांच्या गोष्टीत माणसांचं एवढं दुःख गाडलेलं असेल असं वाटलं नव्हतं. काही दशकांत ती उंच बेटं खरवडून खडकापर्यंत आली. पेंग्विनला बीळ खोदायला जमीनच उरली नाही. आजही त्यांच्यातले कितीतरी उघड्या खडकावर, कपारीत, झुडपाच्या आडोशाला अंडी घालतात. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या बेटांवर आफ्रिकन पेंग्विनच्या वाट्यालाही नेमकं हेच आलं. तिथे आता त्यांच्यासाठी कृत्रिम घरटी ठेवावी लागतात.

पेरूने १९०९ पासून सरकारी देखरेखीखाली ग्वानो काढायला सुरुवात केली, आणि त्यातून एक चांगली गोष्टही घडली. मुख्य भूमीवरच्या काही टोकांवर, कोल्ह्यांनी पक्ष्यांकडे जाऊ नये म्हणून भिंती बांधल्या गेल्या. राखायचं होतं खत, पण भिंतीच्या आत पेंग्विन आले, फर सील आले, समुद्रसिंह आले. पुंता सान हुआन हे असंच एक टोक. तिथे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅट्रिशिया माहलुफ ही पेरूची तरुण जीवशास्त्रज्ञ सीलचा अभ्यास करायला गेली, आणि तिचं सगळं आयुष्यच त्या किनाऱ्याला लागलं. तिच्या डोळ्यांपुढे १९८२-८३चा एल निनो आला. वारे मंदावले, खोलातलं पाणी वर येईना, समुद्र कोमट झाला, मासे खोल आणि दूर गेले. किनाऱ्यावर पिल्लं वाट बघत राहिली. मोठी संकटं तिथे एल निनोच्या पावलांनीच येतात. १९९७-९८ साली पुन्हा तेच झालं.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. त्या गावचं म्हावरं म्हणजे अँचोवेटा. बोटभर लांब, चंदेरी, थव्यांनी फिरणारा मासा. जातकुळी पाहायला गेले आणि जीव हरखला : आपली मांदेली त्याच कुळातली आहे. हळद-तिखट-मीठ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळलेली, शेपटीसकट खाल्ली जाणारी, उत्तनच्या किनाऱ्यावर उन्हात सोनेरी पसरलेली मांदेली. मावशी पुन्हा भेटल्या असत्या तर मी एवढंच म्हटलं असतं, ‘मांदेलीच, मावशी. तुमचीच.’ पुढचं सगळं त्यांना न सांगता कळलं असतं. लहान माशाच्या जिवावर केवढा दर्या उभा असतो, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत असणार.

त्या माशाचं पुढे काय झालं ते मात्र सांगावं लागलं असतं. १९५०च्या दशकापासून पेरूत अँचोवेटा पकडून वाळवायचा, दळायचा आणि भुकटी करून विकायचा उद्योग वाढला. १९७० साली एकट्या या माशाची पकड १ कोटी टनांच्या वर गेली. एका जातीच्या माशाची एवढी मासेमारी जगात दुसरीकडे कुठे झालेली नाही. १९७२ साली एल निनो आला, आणि आधीच उपसलेला तो साठा कोसळला. समुद्रपक्षी आधीच घटत चालले होते, ते आणखी घटले. त्यातली भुकटी पेरूतल्या माणसांच्या ताटात जात नव्हती. ती जात होती दूरदेशच्या कोंबड्यांना, डुकरांना, आणि पुढे पिंजऱ्यात पोसलेल्या सामन माशांना. माहलुफने म्हणून एक निराळाच मार्ग धरला. लिमातल्या नावाजलेल्या शेफना हाताशी घेऊन तिने लोकांना अँचोवेटा खायला लावायची मोहीम काढली. माणसांनी चवीने, चांगली किंमत देऊन थोडा मासा खाल्ला तर समुद्रात जास्त मासा राहील, हा तिचा हिशेब. पेंग्विन वाचवायला निघालेली बाई स्वयंपाकघरात जाऊन पोचली, हे मला फार आवडतं. त्यात एक सरळपणा आहे.

भायखळ्याच्या त्या काचेबद्दल मात्र माझं मन अजून एका जागी थांबत नाही. २०१६च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ पेंग्विन आले, २०१७च्या मार्चमध्ये दालन लोकांसाठी उघडलं. २०१८च्या १५ ऑगस्टला पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. सगळ्या शहराने त्याचं कौतुक केलं, आणि आठवड्याभरात ते गेलं. मला आठवतं, ऑफिसमध्ये कोणीतरी बातमी वाचून दाखवली आणि टेबलाभोवती क्षणभर कोणी बोललं नाही. नंतर तिथे पिल्लं जगली, वाढली. त्यांनी पेरूचा किनारा पाहिलेला नाही. गार पाणी, ठरलेला दिवा, ठरलेल्या वेळी मासा एवढंच त्यांना माहीत. त्यांना आणलं नसतं तर मी हा समुद्र कधी शोधला नसता, हेही खरं. आणि माझ्या माहितीसाठी एका पक्ष्याने काचेत जन्म काढावा का, या प्रश्नाला मला होकार देता येत नाही.

अशा वेळी मला टोकियोचा तो पेंग्विन आठवतो. २०१२च्या मार्चमध्ये तिथल्या मत्स्यालयातून हम्बोल्ट जातीचा एक वर्षाचा पक्षी, क्रमांक ३३७, स्वतःच्या दुप्पट उंचीचा खडक चढून पळाला. त्याला समुद्र कोणी शिकवला नव्हता. जहाजांनी गजबजलेल्या टोकियोच्या उपसागरात तो ८२ दिवस राहिला. मे महिन्यात पकडला तेव्हा तो धडधाकट होता, अंगाने भरलेला. म्हणजे तेवढे दिवस त्याने स्वतःची मासळी स्वतः शोधली. बुडायचं कसं, थवा कुठे असेल, किनारा कुठला धरायचा, हे सगळं त्या एक वर्षाच्या अंगात काचेमागेही जागं होतं.

आणि जे काचेत नाहीत त्यांचं काय चाललंय? चिलेतल्या चान्यारल बेटावर या जातीची सगळ्यात मोठी वस्ती आहे. चान्यारल, चोरोस आणि दामास ही बेटं १९९० पासून राखीव आहेत, पण त्यांच्या समोरच्या किनाऱ्यावर डोमिंगा नावाचा लोखंड-तांब्याच्या खाणीचा आणि बंदराचा प्रकल्प वर्षानुवर्षं मंजुरी, नकार आणि न्यायालयं यांच्यात फिरतो आहे. २०२२-२३ मध्ये बर्ड फ्लू त्या किनाऱ्यावरून गेला, पेरूत लाखो समुद्रपक्षी मेले, आणि चिलेच्या वाळूवर मेलेले पेंग्विनही सापडले. पेरूत आता मासेमारीचा हंगाम दरवेळी समुद्राची पाहणी करून ठरवतात. अँचोवेटा १२ सेंटिमीटरहून लहान असेल तर ती मासळीची पिल्लं समजतात. २०२३ साली पाणी तापलेलं होतं आणि जाळ्यात बहुतेक पिल्लंच येत होती. सरकारने उत्तर-मध्य किनाऱ्यावरचा वर्षातला पहिला हंगाम रद्दच केला. हजारो बोटीवाल्यांचं आणि कारखान्यांतल्या कामगारांचं त्यात नुकसान झालं, ते हलकं नव्हतं. या बातम्या व्यापाराच्या पानावर येतात, भुकटीच्या भावाशेजारी, आणि पेंग्विनचं नाव त्यांत बहुधा नसतं. मी त्या शोधून वाचते. टनांचे आणि डॉलरचे आकडे ओलांडून आधी बघते, मासा किती सेंटिमीटरचा भरला.